जेएफएम की सामूहिक वनहक्क?

जेएफएम आणि सामूहिक वनहक्क, दोन्हीकडे जंगल गावच सांभाळतं म्हणून लोकांना एकच वाटतं, पण तसं नाहीये. संयुक्त वनव्यवस्थापन म्हणजे जेएफएम हे केंद्राच्या १९९० च्या परिपत्रकातून आलं, कायद्याने दिलेला हक्क नाही. समिती गावाची, पण सचिव बहुतेक वेळा फॉरेस्टवालाच, फंड आणि प्लॅनही तिकडूनच. राखायचं गावाने, वाटा वनखातं ठरवेल तेवढा.

सामूहिक वनहक्क २००६ च्या वनहक्क कायद्यातला, इथे ग्रामसभेचा अधिकारच मान्य केलाय, बांबू-तेंदू गोळा करून विकायचा पण. आता कायद्यात आहे म्हणून लगेच हातात पडतो असं नाही हं, गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) ला हक्क मिळाला २००९ मध्ये आणि बांबूच्या वाहतूक पासचं (हा नसेल तर बांबू जंगलाबाहेर नेता येत नाही) पुस्तक ग्रामसभेकडे यायला २०११ उजाडलं, तेही जयराम रमेश केंद्रात पर्यावरण आणि वनमंत्री असताना स्वतः गावात आले तेव्हा. म्हणजे खरं भांडण झाडांचं नाहीच, पास कोण फाडणार याचं आहे.

जेएफएममध्ये डोक्याला ताप कमी हे मान्य, वनहक्कात लिलाव, हिशोब, भांडणं सगळं ग्रामसभेच्याच गळ्यात. तरी मला विचाराल तर दुसराच. आणि गावात जेएफएम समिती आधीपासून असली तरी वनहक्काचा दावा टाकता येतो, त्याने काही अडत नाही.