डबल मार्कर की एनआयपीटी? आधी आठवडे मोजा

मालवणातल्या माझ्या मावसबहिणीला गरोदरपणाचा बारावा आठवडा लागलाय आणि घरात एकच वाद: पोटातल्या बाळाला डाऊन सिंड्रोमसारखा (गुणसूत्रांतला जन्मजात दोष) धोका आहे का, हे बघायला डबल मार्कर करायची की थेट एनआयपीटी? दोन वर्षांपूर्वी मीही या फेऱ्यातून गेले, म्हणून लिहिते.

डबल मार्कर म्हणजे आईचं रक्त, जोडीला एनटी सोनोग्राफी. 11 आठवडे ते 13 आठवडे 6 दिवस एवढ्याच काळात बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी मोजता येते. आईचं वय, रक्त आणि हे माप यांतून धोक्याचा आकडा निघतो. डाऊन सिंड्रोमची 100 पैकी 85-90 बाळं यात सापडतात. पण 100 पैकी पाचेक निरोगी गर्भांवरही ‘हाय रिस्क’चा शिक्का बसतो. माझ्या रिपोर्टवर तो होता. त्या रात्री घरात कोणाच्या घशाखाली घास उतरला नाही, आणि पुढे मुलगी ठणठणीत जन्मली.

एनआयपीटीत आईच्या रक्तात आलेले वारेचे डीएनए तपासतात, दहाव्या आठवड्यापासून. डाऊनसाठी पकड 99 टक्क्यांच्या वर, खोटा इशारा हजारात एखादा. पण आई पंचविशीत असेल तर मुळातला धोकाच हजारात एकाच्या आसपास; म्हणजे एक खरा, एक खोटा. पॉझिटिव्ह आलं तरी शक्यता निम्मी-निम्मीच! चाळिशीत मात्र ते बहुधा खरं ठरतं. खर्च डबल मार्करच्या कित्येक पट. शिवाय कवटीचं, पोटाच्या भिंतीचं व्यंग रक्तात दिसत नाही, त्यामुळे एनटी टाळू नकाच.

पक्कं निदान सुईनेच: 11 ते 13 आठवड्यांत सीव्हीएस (वारेचा बारीक तुकडा काढून तपासणं), 15 आठवडे भरल्यावर गर्भजलाची ॲम्निओ. अनुभवी हातांत गर्भपाताचा धोका 200 मध्ये 1 किंवा त्याहूनही कमी.

आता आपली कोकणातली गोष्ट. रक्त गावात घेतात, पण नमुना जातो मुंबईला. डीएनए कमी पडलं तर पुन्हा रक्त, पुन्हा वाट. सुईसाठी कोल्हापूर, गोवा नाहीतर मुंबई गाठायची. त्यात पावसाळ्यात घाट बंद, गणपतीत कोकणकन्येचं तिकीट नाही. आणि 24 आठवड्यांनंतर गर्भपात मोठं व्यंग असेल तर, तोही वैद्यकीय मंडळाच्या परवानगीनेच.

म्हणून माझं मत: वय पस्तिशीच्या आत आणि हात आखडता असेल तर एनटी आणि डबल मार्कर, आकडा मधलाच आला तर मग एनआयपीटी. वय जास्त असेल किंवा आधीच्या बाळाला असा त्रास असेल तर एनटीसोबत एनआयपीटीच. मानेमागचं पाणी बरंच वाढलेलं दिसलं तर रक्ताच्या रिपोर्टात आठवडे घालवू नका, डॉक्टरांशी थेट सुईचं बोला. काहीच न करणं हाही पर्याय आहे, कोणी लाजवू नये. (मुलगा की मुलगी हे कुठल्याच रिपोर्टात मिळणार नाही, 1994 चा कायदा आहे. आमच्या सासूबाईंनी तरी विचारलंच.)

बहीण एकोणतीस वर्षांची. गुरुवारी कुडाळला एनटी आहे. रक्त कोणत्या चाचणीसाठी द्यायचं ते माप बघून तिथेच ठरवणार आहे.