भिकबाळीचा कान: तेल-हळद की सलाईन?

भिकबाळीसाठी कान टोचला की घरात पहिला वाद होतो तो लावायचं काय यावर. आई कोमट खोबरेल तेलात हळद कालवून वाटी पुढे करते. टोचणाऱ्याने बजावलेलं असतं, सलाईनशिवाय काही लावू नका. मी एकाच कानावर दोन्ही करून पाहिलंय.

तेल-हळदीला नावं ठेवणार नाही. भाचीचे कान टोचले तेव्हा तीच लावली होती आणि दीड महिन्यात कान छान झाले. पण ती कानाची पाळी होती. भिकबाळी जाते वरच्या कुर्चेत, म्हणजे कानाच्या कडक पण लवचीक भागात. कुर्चेत रक्तवाहिन्या नसतात, म्हणून पाळी 6 ते 8 आठवड्यांत भरते तिथे हे भोक 6 महिने, कधी वर्षही घेतं.

माझं मन फिरलं ते खपलीमुळे. जखमेतली लस, तेल, हळद आणि रस्त्यावरची धूळ मिळून बाळीच्या तारेभोवती पिवळी, टणक खपली धरायची. त्यात ‘तार फिरवत राहा, नाहीतर चिकटेल’ हा सल्ला. सकाळी तार फिरवली की खपली भोकात ओढली जायची, डोळ्यांत टचकन पाणी यायचं आणि रात्रभर सुकलेली जखम पुन्हा ओली व्हायची. हेल्मेट काढताना तेच. तिसऱ्या आठवड्यात भोकाशेजारी बारीक लाल गाठ आली, तेव्हा मी वाटी बाजूला ठेवली.

मेडिकलमधलं 0.9 टक्क्यांचं सलाईन गॉजवर घेऊन दिवसातून दोनदा पाच मिनिटं कानाला धरायचं, एवढंच. खपली मऊ होऊन आपोआप सुटते, तारेला हात लावावा लागत नाही. फोडलेली बाटली फार दिवस ठेवता येत नाही, हे मात्र खटकतं. घरी मिठाचं पाणी करता येतं, पण अंदाजाने मीठ जास्त पडलं की कातडी कोरडी पडून चुरचुरते. म्हणून मी विकतचंच आणतो. महिन्याभरात गाठ बसली. त्याच सुमारास मी त्या कुशीवर झोपणंही सोडलं होतं, तेव्हा सगळं श्रेय सलाईनला द्यायला नको.

पाळीच टोचली असेल तर आईचं मन मोडा असं मी म्हणणार नाही. फक्त हात धुऊन लावा आणि तार फिरवू नका. भिकबाळीला मात्र मी पुन्हा तेल लावणार नाही. आणि काहीही लावत असलात तरी कान लाल, गरम होऊन ठणकू लागला किंवा पू दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कुर्चेत जंतुसंसर्ग पसरला तर कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो.