डिझेल ट्रकच्या इंजिन हीटरसाठी बाहेर वीज: एक्स्टेन्शन, भिंतीतला फाटा की स्वतंत्र लाइन?

कॅनडाच्या प्रेअरी प्रांतांत किंवा मिनेसोटा, नॉर्थ डकोटाच्या पट्ट्यात डिझेल पिकअप घेतला की थंडीआधी एक प्रश्न सोडवावाच लागतो. ब्लॉक हीटरची, म्हणजे थंडीत इंजिन गरम ठेवणाऱ्या विजेच्या हीटरची, वायर पुढच्या जाळीतून बाहेर लोंबत असते, पण तिचा प्लग खोचायचा कुठे? गॅरेज रिकामं असेल तर प्रश्नच नाही. बहुतेकांच्या गॅरेजमध्ये मात्र दुसरी गाडी आणि सायकली असतात, आणि ट्रक बाहेर ड्राइव्हवेवर उभा राहतो.

वीज तिथवर न्यायचे तीन मार्ग आहेत. गॅरेजमधल्या सॉकेटवरून एक्स्टेन्शन टाकायचं, आत असलेल्या सर्किटवरून फाटा काढून बाहेरच्या भिंतीवर सॉकेट बसवायचं, किंवा पॅनेलपासून, म्हणजे घरातल्या ब्रेकरांच्या मुख्य डब्यापासून, स्वतंत्र ब्रेकरची लाइन ओढायची. माझं मत आधीच सांगतो. ट्रकवर रोजचं काम अवलंबून असेल तर स्वतंत्र लाइनच घ्या. फाटा बऱ्याच घरांत पुरतो, पण तो तुमच्या घरात पुरेल का हे तपासल्याशिवाय भिंतीला भोक पाडू नका.

आधी हीटर किती वीज ओढतो ते बघा

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटतं, आणि गारठलेलं लोखंड नेमकी तीच उष्णता शोषून घेतं. त्यात तेल घट्ट झालेलं असतं आणि बॅटरीची ताकद उतरलेली असते. नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्सच्या अँड्र्यू फ्रीमन यांनी याच त्रासावर उपाय म्हणून इंजिनाच्या हेडच्या एका बोल्टच्या जागी बसणारा विजेचा हीटर काढला आणि १९४९ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. आजचे ब्लॉक हीटर त्याच विचाराचे, फक्त आता ते बहुतेक कूलंट, म्हणजे इंजिनात फिरणारं थंडाव्याचं द्रव, तापवतात.

रॅम पिकअपमधल्या ६.७ लिटर कमिन्स डिझेल इंजिनाचा हीटर ७५० वॉटचा असतो. इतर मोठ्या पिकअपमध्ये १००० वॉटच्या आसपासचे दिसतात, आणि हायवेवरच्या अवजड ट्रकांत १५०० वॉटपर्यंत जातात. १२० व्होल्टवर याचे अनुक्रमे सव्वासहा, ८.३ आणि १२.५ अँपिअर होतात. तीन तास किंवा त्याहून जास्त वेळ सलग चालणारा भार ब्रेकरच्या ८० टक्क्यांत बसवायचा असतो. म्हणजे १५ अँपिअरच्या ब्रेकरवर १२, आणि २० च्या ब्रेकरवर १६. पहिले दोन हीटर १५ च्या लाइनवर आरामात चालतात, १५०० वॉटचा चालत नाही. ऑइल पॅनला चिकटवायचा हीटर किंवा बॅटरीचं ब्लँकेट पुढेमागे लावणार असाल तर त्यांचे वॉटही आत्ताच जमेस धरा.

एक्स्टेन्शन: तात्पुरतं ठीक

भाड्याच्या घरात, किंवा एकच हिवाळा काढायचा असेल तेव्हा एक्स्टेन्शनला पर्याय नसतो. पण घरात पडलेली बारीक नारिंगी वायर उचलून लावू नका. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. १६ गेजच्या ३० मीटर वायरचा जाऊन-येऊन रोध साधारण ०.८ ओहम भरतो. १००० वॉटच्या हीटरला त्यातून ९०० वॉटच पोचतात आणि सुमारे ५० वॉट वायरमध्येच जिरतात. पसरलेल्या वायरला ते सोसतं, गुंडाळून ठेवलेल्या वेटोळ्याला सोसत नाही. १२ गेजच्या वायरीत हीटरला ९५५ च्या आसपास मिळतात. म्हणून १२ गेज, तीन तारांची, बाहेरच्या वापराची, आणि पुरेल तेवढ्याच लांबीची वायर घ्या. आवरण कडाक्याच्या थंडीतही मऊ राहणारं असलं पाहिजे. साधं प्लास्टिक उणे तीसमध्ये काठीसारखं ताठ होतं आणि वाकवलं की तडकतं.

खरा धोका जोडांत असतो. गॅरेजच्या दाराखाली वायर रोज चेपली जाते. ट्रकची वायर आणि एक्स्टेन्शन जिथे भेटतात तो जोड बर्फात पडतो, दुपारी बर्फ वितळलं की पाण्यात बसतो. पिना सैल असतील तर तिथे उष्णता साठते आणि प्लग तपकिरी पडायला लागतो. तसा प्लग दिसला की त्याच दिवशी बदला. कायमच्या वायरिंगऐवजी एक्स्टेन्शन वापरायला दोन्ही देशांच्या विद्युत संहिता परवानगी देत नाहीत, आणि त्यामागे हीच कारणं आहेत.

भिंतीतला फाटा: सर्किटवर आणखी काय आहे?

गॅरेजच्या आतल्या सॉकेटच्या पाठीमागेच बाहेरचं सॉकेट बसवणं हे कामाच्या मानाने सगळ्यात सोपं. वायर हातभर लागते, खणायचं काही नसतं. सगळं अडतं ते त्या सर्किटवर आणखी काय काय आहे यावर. ब्रेकर बंद करा आणि घरभर फिरून बघा काय बंद पडलं. फ्रीझर, गॅरेजच्या दाराची मोटर, तळघरातला पंप यांपैकी काही निघालं तर थांबा. जुन्या घरांत गॅरेज, बाहेरचं सॉकेट आणि बाथरूम अशी तिन्ही ठिकाणं एकाच जीएफसीआयवर, म्हणजे विजेची गळती झाली की वीज तोडणाऱ्या सॉकेटवर, टाकलेली सर्रास सापडतात. अशा घरात पहाटे हीटर चालू असताना कुणी १८७५ वॉटचा हेअर ड्रायर लावला, की दोन्ही मिळून २४ अँपिअर होतात आणि ब्रेकर पडतो. ड्रायरवाला वैतागून दुसऱ्या खोलीत जातो, ट्रक मात्र तिथून पुढे गार होत राहतो.

सर्किट मोकळं असेल तर हा पर्याय मनापासून सुचवीन. जोडणीआधी ब्रेकर बंद करून टेस्टरने खात्री करा. १५ अँपिअरला १४ गेज आणि २० ला १२ गेज तांब्याची तार, यात तडजोड नाही. १९६५ ते १९७३ च्या सुमाराच्या काही घरांत ॲल्युमिनियमच्या तारा आहेत. त्या दिसल्या तर हे काम इलेक्ट्रिशियनचं.

बाहेरचं सॉकेट हवामानरोधक खुणेचं घ्या, आणि झाकण खोल डब्यासारखं, म्हणजे प्लग आत असतानाही पूर्ण मिटणारं. वायर त्याच्या खालच्या खाचेतून बाहेर येते. भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं पाडा. डब्याच्या वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडा सीलंटने भरा, खालची कड मोकळी ठेवा, म्हणजे आत शिरलेलं पाणी निघून जाईल. आणखी एक गोष्ट बरेचजण विसरतात. वायर जिथून भिंत ओलांडते ते भोक आतून पुट्टीने बुजवायचं. नाही तर घरातली उबदार दमट हवा त्या वाटेने थंड डब्यात शिरते आणि तारांच्या जोडांवर हिमकण जमतात. तारा सॉकेटच्या मागच्या भोकात नुसत्या दाबून बसवू नका, स्क्रूखाली आवळा. तासन्‌तास आठ अँपिअर वाहणार असतील तर हा फरक टिकाऊपणात दिसतो.

स्वतंत्र लाइन: खर्च जास्त, कटकट कमी

२० अँपिअरचा ब्रेकर, १२ गेजची तार, आणि वाटेत दुसरं काहीही नाही. लांबी ३० मीटरच्या पुढे गेली तर १० गेज घ्या. ट्रकचं नाक भिंतीपासून दोन-तीन मीटरांत येत असेल तर सॉकेट भिंतीवरच द्या. ट्रक लांब उभा राहत असेल तर खांब रोवून जमिनीखालून केबल न्यावी लागते, आणि काम तिथे खरं वाढतं.

अमेरिकेच्या संहितेनुसार थेट पुरायची केबल २४ इंच खोल लागते, प्लास्टिकच्या पाइपातून नेली तर १८ इंच. घरगुती १२० व्होल्टची, २० अँपिअरपर्यंतची आणि सुरुवातीपासून जीएफसीआयचं संरक्षण असलेली लाइन १२ इंचांवर चालते. कॅनडात थेट पुरायच्या केबलला ६०० मिलिमीटर, आणि वरून वाहनं जाणार असतील तर ९०० मिलिमीटर खोली धरतात. खणण्याआधी जमिनीखालच्या गॅस, वीज आणि फोनच्या लाइनी आखून घ्या. अमेरिकेत त्यासाठी ८११ हा क्रमांक आहे, कॅनडात प्रांतवार सेवा आहेत. गोठलेली जमीन फुगते आणि पाइप वर ढकलते. म्हणून पाइप जिथे जमिनीतून वर येतो तिथे सरकता जोड द्या, नाही तर दोनतीन हिवाळ्यांत खांबावरचा डबा उखडतो. सॉकेट साचणाऱ्या बर्फाच्या वर आणि बर्फ ढकलणाऱ्या पात्याच्या वाटेबाहेर ठेवा. खणताय तर पाइप एक माप मोठा टाका. उद्या विजेची गाडी आली तर पुन्हा जमीन उकरावी लागणार नाही.

या लाइनचा मोठा फायदा म्हणजे स्विच आणि टायमर दोन्ही घरात घेता येतात. डिझेलला तीन-चार तास पुरतात. रात्रभर दहा तास चालवलेला १००० वॉटचा हीटर दहा युनिट खातो, टायमरवर चारच. टायमर मात्र १५ अँपिअर सलग पेलणारा घ्या. दिव्यांच्या माळांसाठीचा हलका टायमर इथे चालत नाही.

जीएफसीआय कुठे ठेवायचं

जमिनीकडे पाच मिलिअँपिअरच्या आसपास गळती झाली की जीएफसीआय पडतं. माणूस वाचतो तो त्यामुळेच, तेव्हा ते काढून टाकण्याचा विचारही नको. पण ट्रकची वायर मिठाच्या चिखलात भिजते, तिच्या पिना हिरव्या पडतात आणि गळती वाढते. मग मध्यरात्री वीज जाते आणि सकाळी ट्रक सुरू होत नाही तेव्हाच ते कळतं. शिवाय जीएफसीआय सॉकेटांची रचना उणे ३५ अंशांपर्यंतची असते, आणि प्रेअरीत पारा त्याखाली जातो. म्हणून जीएफसीआय आत ठेवा, गॅरेजमध्ये किंवा पॅनेलमधला ब्रेकर म्हणून, आणि बाहेर त्याच्या पुढचं साधं हवामानरोधक सॉकेट द्या. आत एक दिवा असा जोडा की तो विझला तर झोपण्याआधी दिसेल. फाट्यातही हे जमतं. एक्स्टेन्शनला टोकाशी दिवा असलेली वायर मिळते, पण ती बघायला बाहेर जावं लागतं.

दिवा वीज आल्याचं सांगतो, हीटर जिवंत असल्याचं नाही. त्यासाठी मल्टिमीटर ट्रकच्या प्लगच्या दोन चपट्या पिनांना लावा. १००० वॉटच्या हीटरला साधारण १४ ओहम, ७५० वॉटच्याला १९ दिसले पाहिजेत. जीएमच्या बऱ्याच डिझेल ट्रकांत वायरमध्येच थर्मोस्टॅट असतो आणि तो उणे १८ अंशांच्या खालीच जोडतो. सौम्य संध्याकाळी नवं सॉकेट तपासाल तर त्यातून वीज वाहणारच नाही, आणि चांगलं काम उगाच उकलून बसाल.

सॉकेट नको असेल तर डिझेलवरच चालणारा वेबास्टो किंवा एबरस्पेशरसारखा कूलंट हीटर आहे. साइटवर, रस्त्यावर, जिथे वीज नाही तिथे तोच उपयोगी. पण तो पंखा आणि पंप बॅटरीवर चालवतो, म्हणून छोट्या अंतरांच्या रोजच्या फेऱ्यांत बॅटरी हळूहळू खाली जाते. घरासमोर उभ्या राहणाऱ्या ट्रकला मी विजेचाच हीटर पसंत करीन. आणि यांतला कुठलाही हीटर टाकीतलं डिझेल गोठण्यापासून वाचवत नाही. त्यासाठी हिवाळी डिझेलच भरावं लागतं.

परवाना बहुतेक ठिकाणी लागतो. कॅनडाच्या अनेक प्रांतांत घरमालकाला स्वतःच्या घरापुरता तो मिळतो आणि तपासनीस येऊन काम पाहून जातो. पॅनेलमध्ये ब्रेकर बसवणं मी इलेक्ट्रिशियनवर सोडीन, कारण मुख्य स्विच बंद केला तरी आत येणाऱ्या तारा जिवंतच राहतात. चर खणणं, पाइप टाकणं, खांब रोवणं हे स्वतः केलंत तर मजुरीचा मोठा भाग वाचतो. फक्त इलेक्ट्रिशियनला आधी विचारा, आणि तपासणी झाल्याशिवाय चर बुजवू नका. हे सगळं जमीन मऊ असेपर्यंत, सप्टेंबर-ऑक्टोबरात उरकायचं. एकदा जमीन गोठली की खांबाचं काम वसंतावर जातं. तोवर १२ गेजची वायर आणि गॅरेजमधला टायमर यांवर हिवाळा निघतो.