दार उघडलं की कार्बनचे धागे दिसतात: जुनी बीएमडब्ल्यू आय३

चाकणच्या प्रेस शॉपमध्ये अकरा वर्षं पोलादी पत्रा दाबण्यात गेली. आता जर्मनीतल्या लाइपझिगला राहतो. गेल्या वर्षी इथेच, याच शहरात बनलेली २०१४ ची आय३ ही इलेक्ट्रिक गाडी सेकंडहँड घेतली.

पहिल्या दिवशी दार उघडलं आणि उंबऱ्यापाशी बसूनच राहिलो. काळे कार्बनचे धागे उघडे दिसतात! प्रवासी बसतात तो अख्खा सांगाडा कार्बन फायबरचा, वेल्डिंग नाही, भाग चिकटवून जोडलेले. खाली ॲल्युमिनियमची चौकट, तिच्यात बॅटरी. बाहेरचं अंग प्लास्टिकचं, गंजायचा प्रश्नच नाही.

एकटी बॅटरीच सुमारे २३० किलोची, तरी पूर्ण गाडी १,२०० किलोच्या आत. पोलादाची घनता दर घन सेंटिमीटरला ७.८ ग्रॅम, ॲल्युमिनियमची २.७, कार्बन कंपोझिटची (कार्बनचे धागे राळेत बसवून केलेल्या मालाची) जेमतेम १.६, पुस्तकातले हे आकडे सिग्नल सुटल्यावर पाठीला जाणवतात. वजन कमी म्हणून छोटी बॅटरीही पुरते, आणि छोटी बॅटरी म्हणून वजन आणखी कमी. हे चक्र मला फार आवडतं.

टायर अरुंद, मागचं दार पुढचं उघडल्याशिवाय उघडत नाही. आईला बसवताना वेळ लागतो. खरी काळजी दुरुस्तीची. पोलादी पत्रा ठोकून सरळ करता येतो, कार्बनला तडा गेला तर तो तुकडा कापून नवा चिकटवावा लागतो, आणि हे जमणारे कारागीर थोडे. जुनी घेणार असाल तर उंबरा आणि खालची बाजू टॉर्च लावून बघा. मी अर्धा तास बघितली होती.