फायबरच्या बोटीला मेण की पॉलिमर?

नारळी पौर्णिमेआधी बोट चकचकीत करायची आहे, पण कार्नोबा मेण (ताडासारख्या झाडाच्या पानांपासून मिळणारं) लावावं की पॉलिमर सीलंट (कृत्रिम संरक्षक लेप), हे ठरत नसेल तर आधी जेलकोटवर, म्हणजे फायबरवरच्या बाहेरच्या चकचकीत थरावर, अंगठा घासून पाहा. पांढरी भुकटी लागली, तर अशा पृष्ठभागावर दोन्हींपैकी काहीही लावणं म्हणजे पैसे पाण्यात. आधी गोड्या पाण्याने मीठ धुवा. सुकल्यावर रबिंग कंपाऊंड (बारीक घासणारी पेस्ट) घेऊन पॉलिशर कमी वेगावर, दोन-दोन फुटांच्या भागात फिरवा. कडांवर जेलकोट लवकर झिजतो, तिथे हातानेच घासा.

टिकण्यात पॉलिमर सरस. आपल्या कडक उन्हात मेण दोनेक महिन्यांत उतरतं, पॉलिमर साधारण हंगामभर साथ देतं.

मेहनतीचं गणित उलटं आहे. मेण चुका पोटात घालतं: पातळ थर द्या, धुरकट झाला की मऊ फडक्याने पुसा. फक्त तापलेल्या बोटीवर लावू नका, डाग धरतात. पॉलिमरला मात्र जुन्या मेणाचा अंशही चालत नाही, धरतच नाही. लावल्यावर काही तास कोरडं राहायला हवं, आणि श्रावणसरींत तेच अवघड.

डब्याची किंमत मेणाची कमी, पण वर्षभरात हात जास्त वेळा लागतात.

डेकवर, पाय पडतो तिथे, दोन्ही नकोत. ओल्यात माणूस घसरतो.

लावण्यापुरती शेड मिळत असेल आणि एरवी बोट रोज उन्हात उभी राहत असेल, तर पॉलिमर. उघड्यावर काम करायचं असेल, तर मेणच घ्या.