चितारआळीतली रोमन युद्धनौका

सावंतवाडीच्या चितारआळीतील एका दुकानातून मुद्दाम करवून घेतलेली रोमन लिबुर्ना नौकेची प्रतिकृती गेल्या आठवड्यात हाती आली. इ.स.पू. 31 मध्ये ग्रीसमधल्या अ‍ॅक्टियमजवळ अँटनी आणि क्लिओपात्रा यांच्या आरमाराचा पराभव करणाऱ्या रोमन सेनापती अग्रिप्पाच्या ताफ्यात अशाच हलक्या, चपळ नौका होत्या. वल्ह्यांच्या दोन्ही रांगा कारागिराने सुरेख साधल्या असून प्रत्येक वल्हे बोटाने फिरवता येते. नाळ, म्हणजे नौकेचा पुढचा भाग, मात्र फसली आहे; शत्रूच्या नौकेला पाण्याच्या रेषेवर भगदाड पाडणारी काशाची सोंड येथे चांगली दोन बोटे वर बसवलेली असून, चित्र पाठवूनही ही चूक व्हावी, हे खटकते.

अग्रिप्पाचा ‘हार्पाक्स’ मात्र मनापासून आवडला. इ.स.पू. 36 मध्ये सिसिलीतल्या नौलोकस येथे सेक्स्टस पॉम्पी या रोमन प्रतिस्पर्ध्याविरुद्ध त्याने हा लोखंडी आकडा यंत्राने फेकला आणि किनाऱ्यावरून रापणीचे जाळे ओढावे तशा शत्रूच्या नौका दोरांनी ओढून घेतल्या. आकड्याच्या पाच हात लांब दांड्याला लोखंडाचे वेष्टण असल्याने तो तोडता येत नसे. प्रतिकृतीत त्याऐवजी काळा रंग आहे, आणि तो हाताला लागतो. अठराशे रुपयांत एवढे चालेल. सोंड दुरुस्त करून द्यायचे दुकानदाराने कबूल केले आहे.