शिकायला गेले आणि सहा महिने फुकट राबले

मागच्या जूनमध्ये पुण्यातल्या एका ॲनिमेशन स्टुडिओत मी 'लाइव्ह प्रोजेक्ट इंटर्नशिप'ला प्रवेश घेतला. १ लाख ३२ हजार रुपये भरले, सहा महिने रोज नऊ-दहा तास काम केलं, आणि बाहेर पडले तेव्हा मला स्क्रीनवर साधा चेंडू उसळवता येत नव्हता. ते कसं, ते पुढे सांगते. सध्या पुन्हा ॲडमिशनचे दिवस आहेत, तशाच जाहिराती पुन्हा दिसायला लागल्यात, म्हणून हे लिहायला बसले.

आम्ही करमाळ्याचे. पप्पा एसटीत कंडक्टर. मला लहानपणापासून चित्रांचा नाद, बी.कॉम. करतानाही वहीच्या कडेला माणसं पळवायचे. परीक्षा झाल्यावर पप्पांनी एक दिवस रजा काढली आणि आम्ही दोघं स्टुडिओ बघायला गेलो. काचेचं दार, एसी, भिंतीवर मोठा टीव्ही. तिथल्या मॅडमनी आमच्यासमोर 'आमच्या मुलांचं काम' म्हणून शोरील, म्हणजे निवडक कामाची चित्रफीत, लावली. त्यात एक पंखांचा राक्षस कड्यावरून उडी मारतो, त्याच्या पाठीचा एकेक स्नायू हलतो. पप्पा टीव्हीकडे बघतच राहिले. व्हिडिओच्या खालच्या बाजूला जाड काळी पट्टी होती. ती का होती, हे मला आठ महिन्यांनी कळलं. तोच राक्षस मला नेटवर एका परदेशी कलाकाराच्या रीलमध्ये सापडला, आणि ज्या जागी ती पट्टी होती तिथे त्याचं नाव होतं.

फीचं ऐकून पप्पा गप्प झाले. त्यावर मॅडम म्हणाल्या, "काका, एकदम भरायची गरजच नाही. १२ हजार आज भरा, बाकीचे महिन्याला १० हजार. व्याज शून्य. तिसऱ्या महिन्यापासून हिला ८ हजार स्टायपेंड सुरू होईल, म्हणजे तुमच्या खिशातून जाणार किती?" मग त्यांनी पप्पांचा फोन मागितला. आधार, पॅन, पगाराच्या स्लिपचा फोटो. ओटीपी आला. "काका, नंबर सांगा, व्हेरिफिकेशन आहे फक्त." पप्पांनी चष्मा वर केला आणि सहा आकडे मोठ्याने वाचून दाखवले. असं तीनदा झालं. मी शेजारीच बसले होते आणि मला मनातून आनंद होत होता.

तो स्टुडिओचा हप्ता नव्हताच. एका फायनान्स कंपनीचं १ लाख २० हजारांचं कर्ज पप्पांच्या नावावर चढलं होतं. सगळी रक्कम काही दिवसांतच स्टुडिओच्या खात्यात गेली. स्टुडिओचे पैसे वसूल झाले, आता त्यांनी शिकवलं काय, न शिकवलं काय, हप्ता आम्हालाच भरायचा. सगळं पाणी इथेच मुरतं.

पहिले दोन आठवडे वर्ग झाले. माया हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर उघडायचं कसं, त्यातला कॅमेरा फिरवायचा कसा, एवढंच. मग एके सकाळी सर म्हणाले, "आता थेअरी बस. लाइव्ह प्रोजेक्ट आलाय." आम्हा चौदा जणांना रोटोच्या खोलीत बसवलं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते: चित्रीकरणातला माणूस त्याच्या मागच्या दृश्यापासून वेगळा करायचा, म्हणजे त्याच्या भोवतीची कड एकेका फ्रेमला आखायची, ते रोटोचं काम. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २४ चित्रं. पाच सेकंदांचा शॉट म्हणजे १२० फ्रेम. हात एका तुकड्यात आखून भागत नाही. दंड वेगळा, मनगटापर्यंतचा हात वेगळा, प्रत्येक बोट वेगळं. एखादा बिंदू दोन फ्रेममध्ये जरा इकडेतिकडे झाला, की चालवून बघताना कड थरथरते. मला मिळालेल्या एका शॉटमध्ये एक बाई वाऱ्यात केस मोकळे सोडून पळते. त्या केसांवर मी अकरा दिवस बसले होते. शेवटी डोळे मिटले तरी बटा दिसायच्या.

रोटोचं काम वाईट आहे असं मी म्हणत नाही. व्हीएफएक्समध्ये, म्हणजे सिनेमातल्या कॉम्प्युटरवरच्या करामतींच्या कामात, बरीच मुलं तिथूनच सुरुवात करतात, आणि ते नीट करायला नजर लागते. पण ती मुलं पगार घेऊन करतात. आम्ही तेच काम फी भरून करत होतो. शॉट कुठून येतात, कुठे जातात, त्याचे पैसे कोणाला मिळतात, विचारायची सोय नव्हती. पहिल्याच दिवशी गोपनीयतेच्या कागदावर सही घेतली होती, त्यामुळे हे शॉट स्वतःच्या शोरीलमध्येही लावायचे नाहीत. मी वहीत नोंद ठेवत गेले. सहा महिन्यांत ४१ शॉट. तिसऱ्या महिन्यात स्टायपेंडचं विचारलं तर, "तुझी क्वालिटी अजून क्लायंटच्या लेव्हलची नाही." मग माझे शॉट क्लायंटला जात कसे होते?

सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटतं सांगू? त्या सहा महिन्यांत माझ्या शेजारी खुर्ची ओढून कोणी बसलं नाही. शॉट परत यायचा तो 'फिक्स एज' एवढं लिहून. का चुकलं, डोळा कुठे कमी पडला, काही नाही. शिकवणारा माणूस तुमचं काम तुमच्यासमोर थांबवतो, मागे नेतो, बोट ठेवतो. ते तिथे एकदाही घडलं नाही.

जानेवारीत मी दुसऱ्या एका स्टुडिओत मुलाखतीला गेले. दाखवायला शोरील नव्हती, म्हणून त्यांनी तिथेच टेस्ट दिली. आधी रोटो. तिथल्या सुपरवायझर मॅडम बघून म्हणाल्या, "छान आहे गं हात तुझा, कड कुठेच हलत नाही." मग म्हणाल्या, "इंटर्नशिप ॲनिमेशनची केलीस ना? एक चेंडू उसळवून दाखव."

मी वर एक 'की' लावली, म्हणजे त्या क्षणी चेंडू कुठे हवा याची खूण, मग खाली एक, पुन्हा वर एक. चालवून बघितलं तर चेंडू जमिनीजवळ येताना मंद होत होता, पाण्यात बुडतोय तसा. मॅडमनी खुर्ची ओढली आणि ग्राफ एडिटर उघडला, म्हणजे हालचाल रेघेच्या रूपात दाखवणारी खिडकी. मी तो तोपर्यंत बघितलाही नव्हता. "हे बघ, वर चेंडू रेंगाळतो, म्हणून तिथे रेघ घुमटासारखी गोल हवी. जमिनीला मात्र तो पूर्ण वेगात आपटतो आणि लगेच उलटतो, तिथे टोक हवं. सॉफ्टवेअर आपणहून तिथेही गोल करतं, म्हणून तुझा चेंडू तरंगतोय." त्यांनी खालची गोलाई मोडून टोक करून दाखवलं आणि चेंडूला एकदम वजन आलं. दहा मिनिटं लागली असतील. ॲनिमेशनमधला अगदी पहिला धडा मला मुलाखतीत, एका अनोळखी बाईंनी, एक रुपया न घेता शिकवला. बाहेर येऊन जिन्यात बसले आणि खूप रडले.

नंतर पैसे परत मागायला गेले तर फॉर्मवरची ओळ दाखवली: फी परत मिळणार नाही. एक हप्ता आम्ही थांबवून बघितला, तर वसुलीवाल्यांचे फोन पप्पांना चालू गाडीत, तिकिटं फाडताना यायला लागले. सिबिल खराब होईल या भीतीने पुन्हा भरायला लागलो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. स्टुडिओला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवली. आता जिल्हा ग्राहक आयोगात जायची तयारी चालू आहे. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावं लागतं. माझी ४१ शॉटची वही त्यात जोडणार आहे, म्हणून तुम्हीही पहिल्या दिवसापासून तारखा, पावत्या, मेसेज जपून ठेवा.

तुम्ही कुठे प्रवेश घेणार असाल तर शोरील बघून भुलू नका. त्यातलं काम ज्या मुलाने केलं त्याचा नंबर मागा आणि त्याच्याशी स्वतः बोला. कोण शिकवणार, त्या माणसाला आधी भेटा. 'सॉफ्टवेअर चार्जेस' मागितले तर तिथेच थांबा. माझ्या फीमध्ये मायाचे म्हणून १८ हजार धरले होते. मान्यताप्राप्त कॉलेजच्या विद्यार्थ्याला माया शिकण्यासाठी फुकट मिळतं. ब्लेंडर हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर तर सगळ्यांनाच फुकट आहे, आणि २०२५ चा ऑस्कर मिळालेला लॅटव्हियाचा ॲनिमेशनपट पूर्ण ब्लेंडरमध्ये केलेला आहे. आणि 'व्याज शून्य' ऐकलंत, की विचारा: कर्ज कोण देतंय, कोणाच्या नावावर, कागद कुठे आहे? रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे डिजिटल कर्ज देताना अटींचा स्पष्ट तक्ता द्यावा लागतो, आणि सुरुवातीला दंड न भरता कर्ज परत करायची थोडी मुदतही असते. आम्हाला कोणी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही.

शेवटचा हप्ता येत्या ५ तारखेला जाईल. मी आता घरीच रात्री ब्लेंडरवर बसते, चालणाऱ्या माणसाचं काम चालू आहे, पाऊल टेकताना गुडघा अजून नीट वाकत नाही. पप्पा ड्यूटीवरून आले की मागे उभं राहून बघतात. हल्ली त्यांना कसलाही ओटीपी आला की ते फोन उपडा ठेवतात आणि आधी मला हाक मारतात.